आमसुलात गेलेल्या तारा

देवबागची योगिनी कुबल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि २००६ पासून तांब्याच्या अतिसूक्ष्म तारांवर संशोधन करायची. प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. विजेच्या मदतीनं त्यांत तांबं भरलं, की केसाच्या हजाराव्या भागाइतक्या जाडीच्या तारा तयार होतात. त्यांतून वीज किती सहज वाहते, ते ती मोजायची.

पण खाऱ्या हवेनं तांबं काळवंडायचं आणि वीज अडायची. एकदा वैतागून तिनं घरचाच उपाय केला. आई तांब्याचा हंडा आमसुलानं घासते, म्हणून तिनं पडदा सकाळी आमसुलाच्या पाण्यात ठेवला. दुपारी मीटरवर काहीच दिसेना. काळेपणासकट तारा विरघळून गेल्या होत्या.

"भांडी घासायला पीएच.डी. कशाला हवी?" तिचे मार्गदर्शक सर कडाडले. योगिनीला राग आला तो स्वतःचाच. इतकी बारीक तार म्हणजे नुसती साल, आत गर नाहीच, हे तिला कळायला हवं होतं.

घरी आली तर आई हंडा घासत बसलेली. योगिनीनं काठावरून बोट फिरवलं. हंडा आजीचा, लग्नात मिळालेला. त्यावर 'यमुनाबाई' असं आजीचं नाव कोरलेलं होतं. आता 'यमु' एवढंच बोटाला लागत होतं. तिनं आईच्या हातातलं आमसूल काढून घेतलं.

तेव्हापासून हंडा काळाच आहे. आई शेजारणींना लेकीबद्दल सांगते, "चेडू शिकला आनि आळशी झाला."