जीप सुटायच्या आत

नारायणगावच्या सरकारी दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो, तेव्हा अपघात विभागात एक सिस्टर होत्या. सांगायला लाज वाटेल असं दुखणं घेऊन आलेला माणूस त्यांना चालीवरूनच कळे. त्या पडदा ओढत, त्याच्याकडे पाठ करून सुया मांडत बसत आणि म्हणत, "भाऊ, मी बघत न्हाई. सांगा आता." मग तो बोलू लागे.

एका दुपारी मढ गावची एक बाई ओटीपोटातल्या कळांनी वाकून आली. तपासल्यावर, विचारल्यावर कळलं, लैंगिक संसर्ग होता, नवऱ्याकडून आलेला. मी तिला इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या. सिस्टर मात्र 'नवऱ्याशी बोलू का' असं तिला विचारून बाहेर गेल्या. नवरा गावाकडे परतणाऱ्या जीपमध्ये जागा धरून बसला होता.

"तुमालाबी औषध घ्यायचंय," त्या हळूच म्हणाल्या.

"मला कुठं काय झालंय?"

"दुखत न्हाई, पर रोग तुमच्यातबी हाय. औषध न्हाई घेतलं तर तो तिच्यात परत जाईल. जीप भरायला येळ हाय, चला."

तो मान खाली घालून त्यांच्यामागे आत आला.

पुढे मी रजेवर असताना त्यांची बदली झाली. त्या दुपारी नवऱ्यालाही औषध द्यायचा विचार माझ्या मनातही आला नव्हता, हे त्यांना एकदा सांगायचं होतं. अजून सांगावंसं वाटतं.