वेंकटेश मिरजकरांचा तपासायचा हात

वेंकटेश मिरजकर चाळीस वर्षं हुबळीजवळ उणकलला गाड्यांच्या वायरिंगची कामं करतात. आमच्या जुन्या मोटारीची वायरिंगही त्यांच्याच हातची, म्हणून ओळख. मागच्या मार्चमध्ये त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. उजवी बाजू गेली आणि दिवाळीपर्यंत बरीचशी परत आली. पकड आली, पाना फिरायला लागला. हात पहिल्यासारखा झाला, असं ते सगळ्यांना सांगत.

त्यांच्या मुलीला, दीपश्रीला, ते पटत नव्हतं. ती धारवाडला एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. वडिलांच्या दुकानासाठी मोबाइलची कव्हरं विकणारा एक भाडेकरू तिनं बघून ठेवला होता. शेवटी बापलेकीचं ठरलं की मिरजकरांनी रविवारपर्यंत एक अवघड गाडी स्वतः दुरुस्त करून दाखवायची. जमलं तर दुकान राहील, नाही तर सोमवारी किल्ली भाडेकरूला.

गाडी मिळाली ती माझ्याच घरी, धारवाडात सप्तापूरला. वरच्या खोलीत राहणारे लेक्चरर योगेश यांनी वडिलांची पन्नास वर्षांपूर्वीची जपानी मोटारसायकल सुटी करून, रंगवून पुन्हा जोडली होती. किकनं ती चालू होई. बटण दाबलं की मात्र सीटखाली टक वाजे आणि स्टार्टर ढिम्म.

गुरुवारी सकाळी मिरजकर बसनं आले आणि पोर्चमध्ये पोतं अंथरून बसले. बॅटरी नवी होती. तार लावलेल्या तपासणीच्या दिव्यानं त्यांनी एकेक जोड पाहिला. दिवा सगळीकडे लख्ख लागला. जाड तारा थेट बॅटरीच्या दोन्ही टोकांवरून स्टार्टरला लावल्या तर तो गरकन फिरला. स्टार्टरला वीज सोडणारा रिले बदलला. पुन्हा टक.

"अण्णा, रविवारपर्यंत टकच ऐकायचं का?" योगेश मिरजकरांना म्हणाले.

"तुमच्या लेक्चरात पोरं तासभर ऐकतात की. मी काही बोललो का?"

दिव्याला वीज थोडी पुरते, स्टार्टरला भरपूर लागते, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. जोड कच्चा असेल तर दिवा लागतो, पण स्टार्टर अडतो. असा जोड बटण दाबून धरलं की तापतो आणि बोटाला कळतो. त्यांची पद्धत तीच. योगेश बटण दाबत आणि मिरजकर जोडांवरून उजवा हात फिरवत. डावा पाठीमागे. हुबळीतले त्यांचे उस्ताद मेहबूबसाब यांची तशी शिस्त होती. तपासताना एकच हात, म्हणजे धक्का छातीतून जात नाही. आणि तो उजवा, कारण गिऱ्हाइकाच्या गाडीची परीक्षा डाव्या हातानं करू नये.

शुक्रवारी स्टार्टर उघडून साफ केला. शनिवारी बटणाची वायर नवी घातली. प्रत्येक वेळी सगळ्या जोडांवरून हात फिरला. कुठंही ऊब नाही.

रविवारी अकराला दीपश्री आली. पायरीवर बसून ती अर्धा तास बापाचं काम बघत होती. मग म्हणाली, "अप्पा, जेवून घ्या. उद्या मी त्यांना फोन करते."

"थांब जरा."

"चार दिवस थांबलेच आहे की."

मिरजकर गाडीकडे बघत राहिले. "सगळं बरोबर आहे," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे तपासणारा चुकतोय." त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि डावा पुढे केला. "दाबा."

टक. फ्रेमला अर्थची, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी, वायर जिथं बोल्टनं आवळली होती, तिथून त्यांनी हात झटकन मागे घेतला.

बोल्ट काढला. खाली काळा रंग चकचकीत होता. योगेशनी फ्रेम इतकी मन लावून रंगवली होती की अर्थची जागासुद्धा सोडली नव्हती. मिरजकरांनी पॉलिशपेपरनं ती खरवडली, लोखंड पांढरं दिसल्यावर वायर पुन्हा आवळली. या वेळी बटण दाबताच इंजिन चालू झालं. बाराला पाच कमी होते.

योगेश हसत होते. दीपश्री उठून बापाशेजारी बसली आणि तिनं त्यांचा उजवा हात उलटा केला. तर्जनीच्या टोकाला फोड होता, फुटून वाळत आलेला.

"हा कधीचा?"

"शुक्रवारचा असेल."

"असेल?"

"त्या बोल्टवर रोज बोट ठेवत होतो," मिरजकर म्हणाले. "काही कळत नाही गं या हाताला. गरम नाही, गार नाही. मार्चपासून."

"आणि तुम्ही दुकानात सोल्डरिंगची गरम सळई घेऊन बसणार होतात."

योगेशनी इंजिन बंद केलं. मिरजकर स्वतःच म्हणाले, "कर फोन उद्या. गाडी चालू झाली, पण ठरलं होतं ते हात बरा आहे, असं धरून."

दीपश्रीनं सोमवारी फोन केला आणि भाडेकरूला नाही म्हणून सांगितलं. मी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, चूक कुणाची हे त्यांनी स्वतः शोधलं, तेवढं डोकं शाबूत आहे, ते घरी बसवून काय करू?

दुकान आता दहाला उघडतं. मिरजकर डाव्या हातानं तपासतात आणि जुनी गिऱ्हाइकं पहिल्यांदा बघून चमकतात. सोल्डरिंगची कामं दीपश्री सहानंतर, ऑफिसातून आल्यावर करते. तिचे जोड अजून जाड येतात, असं ते मला म्हणाले.