नंबर ठाण्याचा, सायकल सिस्टरची

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मोठ्या म्हणून गाजलेल्या केसेस विसरत चाललो, पण ती सायकल अजून जशीच्या तशी आठवते. गेल्या महिन्यात नागपूरहून नात आली. तिच्या नव्या सायकलीत म्हणे इलेक्ट्रॉनिक खूण बसवली आहे, चोरीला गेली तर यंत्र मालकाचं नाव सांगतं. मी विचारलं, "ती बसवताना सायकल तुझीच आहे का, हे कोणी विचारलं का?" ती हसून म्हणाली, "नाही आजोबा, कशाला विचारतील?" त्यावरून ही हकिकत लिहायला घेतली. हिच्यातला पहिला मूर्ख मीच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

ऐंशीच्या दशकात मी नागपूरच्या उत्तरेकडच्या पांढुर्णा-सौंसर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कापूस वेचायला जाणारा मजूर असो की शाळेचा मास्तर, सगळ्यांचं घर सायकलीवर चालायचं आणि दर बाजाराच्या दिवशी एखादी तरी सायकल जायची. रिपोर्ट लिहिताना विचारावं, सायकल कशी? उत्तर ठरलेलं, काळी. आता काळी सायकल शोधायची म्हणजे अर्धा जिल्हा ठाण्यात आणावा लागला असता.

म्हणून मी एक योजना काढली. लोखंडी आकड्यांचे ठसे मागवले. दर रविवारी सकाळी ठाण्याच्या अंगणात सायकल उलटी ठेवायची, पायडलच्या सांध्याखाली हातोडीने नंबर ठोकायचा आणि रजिस्टरात नंबरापुढे मालकाचं नाव लिहायचं. अडचण एकच होती. पावती कोणाकडेच नव्हती. निम्म्या सायकली लग्नात मिळालेल्या, त्यांच्या पावत्या कोण जपून ठेवणार? मी आमच्या मुन्शीजींना, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाला सांगितलं, "पावती मागू नका. सांगतील ते नाव लिहा." हे वाक्य मला पुढे फार महाग पडलं.

पहिल्या रविवारी कोणी फिरकलंच नाही. आपण होऊन ठाण्याची पायरी कोण चढतो? दुसऱ्या रविवारी किरायाने सायकली देणारा एक दुकानदार आपल्या सायकली रांगेत घेऊन आला. त्याला पाहून लोकांची भीड चेपली आणि गर्दी होऊ लागली. मी इतका खूश झालो की त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि चारचौघांत त्याचं कौतुक केलं. त्यानंतर तो अधूनमधून नवी सायकल घेऊन यायचा. दुकान वाढून राहिलं, असं सांगायचा. मला त्याचं बरंच वाटायचं.

एका शनिवारी दुपारी पांढुर्ण्याकडच्या एका उपकेंद्राची नर्सबाई ठाण्यात आली. तिला सगळे सिस्टर म्हणत. आमच्या हद्दीतल्या जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाची गर्दी होती, तिथे तिची लसीकरणाची ड्युटी लागली होती. खांद्यावरची लसीची पेटी खाली न ठेवताच तिने जय भीम केला आणि सरळ मुद्द्यावर आली.

"साहेब, दोन महिन्यांमांगं पांढुर्ण्याच्या बाजारातून माही सायकल गेली. तिथल्या ठान्यात रपट हाय. आज ते सायकल जामसांवलीले दिसली. बोरगावचा एक मानूस किरायानं घेऊन आला होता. हिरवा रंग मारला हाय, पन सायकल माहीच हाय."

"कशावरून?"

"पेटी बांधाले कॅरिअरवर दोन कड्या वेल्डिंग करून घेतल्या होत्या म्या. कड्या कापल्या, डाग तसेच हायेत." मग म्हणाली, "चार गावं हायेत माह्याकडे. दोन महिने झाले, पायी फिरून राहिली. मांगच्या हप्त्यात एका बाळंतिणीकडं पोचाले येळ झाला. लेकरू वाचलं. पुढच्या बारीले वाचनच, असं नाही ना जी."

मी लगेच शिपाई पाठवून सायकल आणवली आणि उलटी केली. पायडलखाली आमच्या ठाण्याचा नंबर. रजिस्टर उघडलं, नंबरापुढे त्याच दुकानदाराचं नाव.

"बाई, सायकल त्या किरायाच्या दुकानदाराचीच आहे. आमच्या रजिस्टरात नोंद आहे," मी म्हणालो.

"लिवलं तं तुमीच ना साहेब. कोनाले इचारून लिवलं?"

मुन्शीजी मान खाली घालून कागद चाळू लागले. मला राग आला. खरं बोललेलं लागतंच, आणि वर्दीत असलं की जरा जास्त लागतं.

दुकानदाराला बोलावलं. तो अगदी निवांत आला. "नंबर तं तुमच्या ठान्याचा हाय साहेब. आता तुमीच म्हनसान चोरीची हाय, तं मंग ठोकला कायले?" मी पुन्हा रजिस्टर उघडलं. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "बाईनं चारचौघांत मले चोर ठरवलं. तिच्यावरच रपट लिवा. तिच्या साहेबाकडंही अर्ज देतो." सिस्टर सरकारी नोकर. तिने खोटी तक्रार केल्याचा अर्ज खात्यात गेला असता, तर सायकल राहिली बाजूला, नोकरीवरच बेतलं असतं. आणि कागद सगळा त्याच्या बाजूने होता. तो कागद मीच तयार करून दिला होता.

पण एवढ्या वर्षांत एक गोष्ट पाहिली होती. खोटा माणूस वस्तूचं बाहेरचं सांगतो, आतलं त्याला ठाऊक नसतं. मी दोघांना वेगळं बसवलं, दोन पंच बोलावले आणि सिस्टरला म्हणालो, "रंगाचं, कॅरिअरचं सोडा. आतली एखादी खूण आठवते का?"

तिने पेटी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली. मग म्हणाली, "सीट खाली बसत होती जी. दांडा पाइपात ढिल्ला होता. म्हनून दूध पावडरच्या डब्याचा पत्रा कापून आत कोंबला होता म्या. डब्यावर लेकराचं चित्र होतं. पत्र्यावर त्याचं अर्धं तोंड आलं, तेही उलटं बसलं."

जबाब लिहिला, तिची सही घेतली. मग दुकानदाराला विचारलं, सीटच्या पाइपात काय आहे? "दांडा असन, अजून काय असन?" तो म्हणाला. तेही लिहून सही घेतली. मग सायकल पंचांसमोर आणली. दांडा गंजून घट्ट बसला होता, म्हणूनच रंग देताना त्याने तो काढला नसावा. रॉकेल सोडलं, सीट धरून दोघांनी पिळलं, तेव्हा दांडा वर आला. सोबत गंजलेला पत्रा आला. मी अंगठ्याने पुसला. बाळाचं अर्धं तोंड, डोकं खाली.

दुकानदाराने ते पाहिलं आणि पाणी मागितलं. पुढचं सगळं त्याने आपण होऊन सांगितलं. पांढुर्ण्याच्या बाजारात बिनकुलपाची सायकल उचलायची, बसच्या टपावर टाकून आणायची, कंपनीचा नंबर कानशीने घासायचा, रंग मारायचा आणि रविवारी माझ्याकडे आणायची. "ठान्याचा नंबर पडला का कोनी इचारतच नव्हतं साहेब." चोरीचा माल साव करून देणारा मीच होतो, चहा पाजून.

झालं ते सगळं मी रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत लिहिलं, माझी चूकसुद्धा. वरिष्ठांनी झापलं आणि योग्यच झापलं. योजना मात्र बंद केली नाही. नंबर ठोकण्याआधी मालकाने सायकलीकडे पाठ करून तिची एक आतली खूण सांगायची, असा नियम केला. लोक काय काय सांगायचे. एकाने सांगितलं, ब्रेकच्या रबराऐवजी जुन्या चपलेचा तुकडा आहे. उलटून पाहिलं तर खरंच होता. हसू यायचं, पण शंका राहायची नाही. चोरीच्या बाकीच्या सायकलीही अशाच एकेक करून आपापल्या घरी गेल्या. खूण बोलत नाही, आपण जे लिहू तेच ती पुढे दाखवते, एवढं मी त्यातून शिकलो. विचारायचं काम माणसालाच करावं लागतं.

कोर्टाच्या हुकमाने सिस्टरची सायकल तिला परत मिळाली. पत्रा मात्र पुरावा म्हणून ठेवून घ्यावा लागला, त्यामुळे सीट पुन्हा खाली बसू लागली. मी घरच्या बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कात्रीने कापून नेला आणि स्वतःच बसवायला लागलो. माझ्या परीने ती माफीच होती.

"थांबा साहेब," ती म्हणाली. तिने पत्रा माझ्या हातातून घेतला, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट पाहिला आणि मगच आत घालू दिला.