तक्रारपेटीला झेंडूचा हार

अकोटवाल्या बाईंना हळू बोलताच येत नव्हतं. "कापसाच्या जिनिंगात जन्म गेला माहा. मशीनच्या वर बोला लागे," असं त्या सांगत. अकोल्याच्या दवाखान्यात त्यांच्या नवऱ्याची आणि माझ्या बहिणीची खाट शेजारी शेजारी, एवढीच आमची ओळख. पण अशा जागी ओळख पिकायला वेळ लागत नाही बघा.

त्यांच्या नवऱ्याचं खुब्याचं हाड मोडलेलं. हाड सरकेल, तुम्ही हात लावायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. आणि ज्यांनी कूस बदलून द्यायची, ते फिरकत नव्हते. पाठ चिघळत चालली. बाई ओरडल्या की बाकी पेशंटांचे नातेवाईक दबकत, "बाई, आपला पेशंट त्यांच्या हातात आहे." बाई म्हणत, "त्याईच्या हातात हाय म्हनून तं बोलतो मी!"

शेवटी सिस्टर वैतागल्या. "इथे आरडाओरडा नको. तक्रार असेल तर पेटीत टाका."

बाईंना सहीपुरतंच येई, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'पाठीला जखम झाली आहे.' वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "जखम नोको लिहू वो. सडून राहिली, लिह्य. जखम म्हनलं का त्याईले झोप लागते." रोज एक चिठ्ठी. देवळातल्या दानपेटीसारखी ती कपाळाला लावून आत टाकायच्या आणि त्या दिवशी मग गप्प राहायच्या. सांगितलं ना आता, वाचतील, म्हणून.

नवरात्र सरत आलं, खंडेनवमी आली. बाई सकाळपासून आनंदात. "आमच्या जिनिंगात पूजेआधी मशीन खोलतात, कचरा काढतात, तेल देतात. आज पेटी उघडनारच!" पदर खोचून पेटीजवळ उभ्या राहिल्या. स्ट्रेचरला हळदकुंकू लागलं, बीपीच्या यंत्राला लागलं. मग वॉर्डातल्या माणसानं पेटीला झेंडूचा हार घातला आणि बंद कुलपावरच कुंकवाचं बोट टेकवलं. बाईंच्या हातावर पेढा ठेवला.

"कुलूप काहून नाही काढलं?"

तो माणूस हसला. "चाबी कोनाजवळ हाय, कोनाले मालूम!"

"म्हंजे आतलं कोनंच वाचलं नाही?" बाईंचा हळू आवाज मी तेवढा एकदाच ऐकला.

तो पेढा तसाच मुठीत धरून त्यांनी पूजेतून डॉक्टरांना खाटेपाशी ओढत आणलं. चादर वर केली तसा वास सुटला. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "अहो, आधी नाही का सांगायचं?"

बाईंचा माणूस दिवाळी पाहू शकला नाही. त्याला गाडीत ठेवताना त्यांनी माझा दंड धरला. "तू कागदावर लिहू नोको, माय. बोंबल."

मी बोंबलले. बहीण स्वतःच्या पायांनी दवाखान्याबाहेर पडली, अमरावतीला घरी आली. माझा घसा मात्र तेव्हापासून बसलेला आहे. इथले डॉक्टर म्हणतात, आजी, हळू बोलत जा. मला आता ते जमत नाही.