भाऊबीजेचं दुसरं कुंकू

मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या बायकोला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, झाला आहे. तिला मी मूत्रपिंड दिलं होतं. ते टिकावं म्हणून चालू असलेल्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबली आणि एका विषाणूमुळे गाठी झाल्या. आता गोळ्या कमी करायच्या होत्या, पण त्यात मूत्रपिंडच जाण्याची भीती होती.

पुढच्या खेपेला आमच्या धारहून मोठ्या शहरातल्या इस्पितळात गेलो, तेव्हा डॉक्टरांच्या दाराबाहेर कन्नौदचे एक गृहस्थ भेटले. याच आजारातून ते बरे झाले होते. बोलताना सदऱ्यावरून पोटाची उजवी बाजू थोपटायची त्यांना सवय होती.

"बहिणीचं आहे, भिया. भाऊबीजेला ती मला ओवाळते आणि मग इथेही कुंकू लावते. गोळ्या कमी झाल्या तेव्हा मी ह्या किडनीला समजावलं, बाई, रुसू नकोस, तू माहेरीच आहेस."

बायको कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "मग ह्यांचं तर घरजावई झालं."

"फिकर नको, वहिनी. घरजावई कुठे जातो?"

गाठी विरल्या आणि मूत्रपिंडही टिकलं. पुढे सहा वर्षं ती "जावईबापूंना तहान लागली" म्हणत पाणी प्यायची. गेल्या वर्षी हृदयविकाराने ती गेली. आता घरात मी आहे आणि माझं एक मूत्रपिंड आहे.