काकांना न लागणारं अक्षर

सोलापुरातल्या आमच्या ग्रंथालयात जुन्या मोडी कागदांचे फोटो बघून आम्ही स्वयंसेवक ते देवनागरीत टाइप करतो. आमचं काम तपासणारे काका रोज आधी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळतात, मग आमच्या चुका काढतात. परवा मी आमच्या वस्तीला गावविहीर बंद केल्याचा हुकूम टाइप केला. अक्षर मोत्यासारखं होतं. काकांनी माझा मजकूर पुसून लिहिलं, ‘अक्षर लागत नाही.’

पुढचा कागद त्यांच्या खापरपणजोबांच्या इनामाचा, वाळवीनं खाल्लेला. तो मात्र काकांनी घडाघडा वाचला.

“काका, हितं तर भोक हाय की!”

“संदर्भानं लागतं रे पोरा.”

मी उभा राहिलो आणि विहिरीचा हुकूम मोठ्यानं वाचला. अख्ख्या ग्रंथालयाला अक्षर लागलं. काका तेवढे चष्मा पुसत राहिले.