लूट हा शब्द

संत्रं सोललं, की सालीच्या वासासोबत अजूनही मला बोरगावजवळचा तो रस्ता दिसतो. आमच्या बागेचा सगळा माल घेऊन नागपूरला निघालेला ट्रक सकाळी तिथे उलटला होता. मी नि बाबा पोचलो, तेव्हा ओळखीचीच माणसं पोत्यांत, पदरांत संत्री भरत होती. "चोरी करून राहिले का?" मी ओरडले. बाबा बांधावर बसले नि म्हणाले, "चोरी लपून करतात, माय. हे लूट होय." आदल्याच आठवड्यात सौंसरच्या शाळेत इंग्रजीच्या सरांनी सांगितलं होतं, की इंग्रजीतला 'लूट' शब्द आपलाच, गोऱ्यांनी मुलूख लुटला नि शब्दही नेला. तेव्हा सगळा वर्ग चिडला होता. आता त्या गर्दीत मला तेच सर दिसले, सायकलला दोन्हीकडे भरलेल्या थैल्या लटकवलेले. मला पाहून ते थबकले, त्यांनी एक संत्रं सोलून माझ्या हातावर ठेवलं. "खा बेटा, तुमच्याच बागेचं आहे." मी खाल्लं. राग आला नाही, रडूही आलं नाही. संत्रं गोड होतं. आता मीही इंग्रजी शिकवते. तो शब्द आला, की मुलं विचारतात, "मॅडम, हा कुठून आला?" मी सांगते, आपल्याकडूनच, आणि पान उलटते.